मागे नेणारं बटण

सोमवार, ८ सप्टेंबर. काराकोल.

आधी एक दुरुस्ती. जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं आहे की माझी चित्रं आवडली म्हणून मला ही नोकरी मिळाली. ते खरं नाही. कार्यशाळेच्या मालकीण कुलीपा एजेंनी माझी चित्रं फोनवर जेमतेम अर्धा मिनिट पाहिली आणि विचारलं, की हलत्या चित्राला बटणं लावता येतात का, म्हणजे बघणाऱ्याने दाबलं की चालेल आणि दाबलं की थांबेल अशी. मी म्हटलं, येतात. तोवर मी ती एकदाच लावली होती, उड्या मारणाऱ्या चेंडूच्या चित्राला, आणि त्यातलं थांबवायचं बटण चाललं नव्हतं. तेव्हा नोकरी चित्रांमुळे नाही, त्या एका ‘येतात’मुळे मिळाली. हे लिहून झालं. आता नवी वही सुरू करायला हरकत नाही.

वहीत खोडरबर वापरायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. नवव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. चाएकच्या वरच्या वस्तीतून हिवाळ्यात शाळेपर्यंत वाटच नसायची, म्हणून वडील स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवायचे. चूक झाली की तिच्यावर एक सरळ रेघ आणि शेजारी बरोबर उत्तर. मग त्याच दिवशी, जेवणाच्या आधी, ती चूक सगळ्यांना मोठ्याने सांगायची. बहिणी टाळ्या पिटायच्या, आई हसायची. कोणी कधी रागावलं नाही. तरी मी दुपारपासूनच जेवणाची वेळ लांबवायला बघायचे.

पण आजचा दिवस छान गेला. मार्शुत्काच्या छोट्या बसमध्ये शेजारच्या बाईने माझ्या मांडीवर न विचारता सहा सफरचंदं ठेवली. उतरले तर कुलीपा एजे स्वतः घ्यायला आलेल्या. मेंदीने लाल केलेले केस, दोन हातांत दोन फोन. माझी पिशवी बघून म्हणाल्या, की एवढंच सामान? कपडे आणलेस की नुसती लाज घेऊन आलीस? मग स्वतःच खो-खो हसल्या आणि सरळ बाजारात आश्ल्यानफूच्या थंड, आंबट शेवया खायला घेऊन गेल्या. दोन वाडगे संपवले. इतकं तिखट, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या म्हणाल्या, की आता तू काराकोलची झालीस.

माझी खोली कार्यशाळेच्या वर आहे. निळ्या झडपांची खिडकी, खिडकीत झाड. पत्र्यावर सफरचंदं पडतात तेव्हा कोणी दार वाजवल्यासारखा आवाज येतो.

गुरुवार, ११ सप्टेंबर

इथे थडग्यांचे काळे दगड घडवतात. दगडावर माणसाचा चेहरा कोरतात, खाली नाव आणि साल. दोन वर्षांपासून कुलीपा एजे दगडाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोनी कोडही कोरून घेतात. त्याच्यासमोर फोन धरला की त्या माणसाचं पान उघडतं आणि तो पानावर हलताना दिसतो. कोणी घोड्यावर बसतं, कोणी चहा ओततं. माझ्या आधीच्या मुलीने केलेली चित्रं पान उघडल्याबरोबर सुरू व्हायची आणि थांबायचीच नाहीत. एक आजी चार महिने सतत चहा ओतत होत्या. त्यांच्या लेकीने फोन करून सांगितलं, की तिला जरा टेकू द्या हो. म्हणून बटणं हवी आहेत.

दगड सापार बाइके कोरतात, यंत्राच्या सुईने. तीस वर्षं तेच काम. यंत्राच्या आवाजाने एक कान गेलेला, त्यामुळे बोलताना नेहमी उजवीकडे मान वळवतात. मला म्हणाले, की मी माणसाचा दगड करतो आणि तू दगडाचा माणूस करणार. बघ हं, सगळे उठून बसले तर मी खाऊ काय?

चहाच्या आजींना तीन बटणं लावली. चालू, थांबा, पुन्हा. तिन्ही चालली. शंभर वेळा तरी दाबून पाहिली. आता त्या निवांत किटलीवर हात ठेवून बसतात.

मंगळवार, २३ सप्टेंबर

आज माझं पहिलं स्वतंत्र काम आलं. आक-सूच्या वरच्या गावातले तेमिरकान अता गेल्या नोव्हेंबरात गेले. वर्षाचं जेवण ८ नोव्हेंबरला, शनिवारी आहे. त्याच दिवशी दगड उभा राहायचा. त्यांची बायको आल्तीन आपा आणि नात एल्नुरा आल्या होत्या. एल्नुरा माझ्याच वयाची. सहावा महिना चालू आहे. नवरा मॉस्कोत बांधकामावर.

परीक्षेला निघालेली मुलं, परदेशी निघालेले बाप्ये, नवी सून, नवी गाडी, सगळं म्हणे आधी तेमिरकान अतांच्या दारात थांबायचं. त्यांची दुवा घेतल्याशिवाय त्या गावातून कोणी हललं नाही. एल्नुराला तेच हवं आहे. दगडासमोर फोन धरला की अतांनी तळहात वर करावेत, दुवा द्यावी, ओमीन म्हणून हात चेहऱ्यावरून उतरवावेत. सापार बाइके कुरकुरले, की मेलेल्यासाठी जित्याने मागायचं असतं, हे उलटंच. त्यावर एल्नुरा म्हणाली, की बाइके, माझ्या बाळाला बापाची मांडी मिळायची नाही इतक्यात, पणजोबांचे हात तरी मिळू देत. बाइक्यांनी दगडाचं माप लिहून घेतलं.

तिच्याकडे तिच्या लग्नातलं, अता दुवा देतानाचं, वीस सेकंदांचं चित्रण आहे. त्यावरून मी अठ्ठेचाळीस चित्रं काढणार. चेहरा सोपा आहे. हात अवघड आहेत.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आजचा दिवस मी म्हातारपणीही विसरणार नाही.

आल्तीन आपा चित्र बघायला आल्या. माझ्या टेबलापाशी येताना त्यांनी बूट काढून ठेवले. मी ‘चालू’ दाबलं. अतांनी काठीच्या मुठीवरचे हात उचलले, छातीसमोर उघडले, ओठ हलायला लागले. आपांचे तळहात आपोआप वर आले. खाली सापार बाइक्यांनी यंत्र बंद केलं असावं, कारण एकदम शांत झालं. अतांचे हात चेहऱ्यावरून खाली आले तेव्हा आपा ‘ओमीन’ म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, की डावा हात जरा मागे राहायचा त्यांचा, तोही तसाच राहिलाय. मी तसं मुद्दाम केलं नव्हतं, चित्रणात होतं तसं काढलं होतं. त्यांनी माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं.

एल्नुराने एक नवं बटण मागितलं. वरच्या गावात नेट मध्येच तुटतं, दुवा अर्ध्यावर अडकली तर पहिल्यापासून बघावी लागेल. जरा मागे नेता आलं तर बरं. आणि नेट नसतानाही चालेल असं तिच्या फोनमध्ये ठेवून द्यायला हवं. मी म्हटलं, सोमवारपर्यंत देते. कुलीपा एजे म्हणाल्या, की अगं बाई, एका बटणाला सोमवार? शर्टाला लावायचंय का? आजच दे, एवढ्या लांबून आल्यात. मी चारपर्यंत ‘मागे’ हे बटण लावलं, सगळं तपासलं, एल्नुराच्या फोनमध्ये घातलं. सापार बाइक्यांनीही स्वतःच्या फोनमध्ये घालून घेतलं. सकाळी सुई हातात घेण्याआधी म्हाताऱ्याची दुवा घेईन म्हणाले.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दुरुस्ती. काल लिहिलं आहे, ‘सगळं तपासलं’. ते खोटं आहे.

‘मागे’ हे बटण मी एकदाच दाबलं. एल्नुरा दारात आपांची शाल बांधत होती, बाहेर मार्शुत्का भोंगा वाजवत होती. मी दाबलं आणि जे दिसलं ते मला पूर्ण दिसलं. तेव्हा घाईत नीट पाहिलं नाही असंही मला म्हणता येणार नाही.

अतांचे हात मी वेगळे काढले आहेत, एक तळव्याचं चित्र, एक पाठीचं. हात चेहऱ्यावर जाताना तळवा जाऊन पाठ दिसते. हा पालट पुढे जाताना व्हावा असं मी लिहून ठेवलं होतं. मागे येताना तो परत व्हावा, हे लिहायला विसरले. त्यामुळे मागे नेलं की हात चेहऱ्यावरून छातीपाशी येतात आणि तसेच थांबतात. हाताच्या पाठी आकाशाकडे, तळवे जमिनीकडे. मग ओठ हलतात.

हे काय आहे ते आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. मी पाच वर्षांची असताना जेवायला बसल्यावर खेळात तसे हात धरले होते. आईने आयुष्यात एकदाच मला मारलं, ते तेव्हा. तळवे वर असले तर दुवा. पालथे असले तर त्या माणसाचा वंश खुडला जावा असं मागणं. म्हातारी माणसं ते कधी करत नाहीत. चिडली तरी नाहीत. 

कुलीपा एजेंनी विचारलं, की झालं ना गं? मी म्हटलं, झालं. माझ्याच हाताने ते एल्नुराच्या फोनमध्ये घातलं.

का? कारण काल आपांनी माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं होतं. त्यानंतर लगेच ‘चुकलं’ म्हणायला तोंड उघडेना.

सोमवार, ६ ऑक्टोबर

दुरुस्त केलं. एक ओळ लागली, दोन मिनिटं. दगडावर जो कोड कोरला जाईल तो आता बरोबर पान उघडेल.

पण फोनमध्ये घातलेली प्रत तिथेच राहते. नेट नसताना चालावं म्हणूनच ती तशी घातली होती, त्यामुळे ती नव्या पानाची वाट बघत नाही. ती काढायची तर एल्नुराचा फोन हातात घ्यायला हवा आणि का ते सांगायला हवं. पुढच्या वेळी येईल तेव्हा काहीतरी निमित्त काढून घेईन. तिच्या ते लक्षातही येणार नाही. हात इवलेसे दिसतात फोनवर.

वडिलांनी फोनवर विचारलं, की वही चालू आहे ना? मी म्हटलं, चालू आहे. नियमाने? नियमाने.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सापार बाइक्यांच्या हातून अतांचा दगड गेला. चेहरा पुरा होत आला होता, दाढीचे केस चालू होते. सुई ओठांवरून आडवी ओढली गेली, या गालापासून त्या गालापर्यंत. तीस वर्षांत पहिल्यांदा.

कुलीपा एजे जिन्यातूनच ओरडत खाली गेल्या, की मेल्या, काल ढोसलीस का? दुसरा दगड काय तुझ्या सासऱ्याच्या अंगणातून आणू? बाइके नेहमी उलट दोन सुनावतात. आज मात्र उजवा हात डाव्या हातात धरून बसले होते. मग मला म्हणाले, की पोरी, सुई सटकली नाही. हात वळला. आतून कोणी मनगट धरून पालथं केल्यासारखा.

मी विचारलं, की रोज सकाळी बघता का ते? म्हणाले, रोज. कान एक, डोळे अधू, कुठे काय चाललंय कळत नाही, म्हणून दोनतीनदा मागे नेतो.

मी चहा करायला गेले. किटली भरली आणि गॅस न पेटवता तिच्याकडे बघत उभी राहिले.

सोमवार, २० ऑक्टोबर

गेल्या बुधवारी बाइके जेवायला गेले आणि फोन बाकावर विसरले. मी प्रत काढून टाकली, नवी घातली, फोन होता तसाच तिरका ठेवला. चोरासारखं. चोरासारखं नाही, चोरीच. त्यांच्या वस्तूला त्यांच्या नकळत हात लावला.

मला वाटलं होतं, आता त्यांचा हात सुधारेल. आठवडा होत आला, मनगट अजून बधिर आहे. हॉस्पिटलात दाखवलं, काही सापडलं नाही. दुसरा दगड ते डाव्या हाताने आधार देऊन कोरतात.

आज चहाला मी, जणू सहज, विचारलं, की उलट्या हातांची दुवा खरंच लागते का? बाइक्यांनी उजवीकडे मान वळवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, की त्यांच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे ती ज्याचा काही गुन्हा नाही त्याच्यावर बसत नाही, नुसती टेकते. एका दारातून दुसऱ्या दारात जाते, ज्याने ती ओढवून घेतली त्याचं दार शोधत. ते दार आतून बंद असलं तर जिथे टेकली तिथेच राहते. आणि कुठे फार दिवस राहिली, की त्या घरचं खायला लागते.

कुलीपा एजे म्हणाल्या, की पुरे रे, पोरीचा रंग बघ, सायीसारखी पांढरी पडली.

मी तेव्हा सांगू शकले असते. दोघंच होते समोर. दोघंही माझे चांगले. मी तळलेल्या बोरसोकचा तुकडा तोंडात घातला आणि तो चघळत राहिले.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

एल्नुरा आली होती, नवा दगड बघायला. आपांनी माझ्यासाठी जर्दाळूचा मुरंबा पाठवला.

एल्नुरा बारीक झाली आहे. पोट आहे, पण चेहरा ओढलेला. जिन्यात दोनदा थांबली. म्हणाली, की डॉक्टरीण म्हणते बाळ महिनाभरात वाढलंच नाही, वाट बघू. तरी हसत होती. रोज सकाळी फोन पोटासमोर धरते म्हणाली. आजोबा बाळासाठी पुन्हा पुन्हा मागतात. ‘मागे’ दाबलं की ते पुन्हा सुरुवात करतात ना, ते तिला फार आवडतं, एकदा बोलून समाधान झालं नाही म्हणून परत बोलायला लागल्यासारखं. दहा-दहा वेळा करते.

मी फोन मागितला. म्हटलं, नवी प्रत घालून देते. ती म्हणाली, का गं, हिच्यात काही खोट आहे का?

मी म्हटलं, नाही. रंग जरा चांगले केलेत.

ती म्हणाली, मग राहू दे, मला हीच सवयीची झालीये, आणि फोन छातीशी धरला.

मी मुरंबा घेतला. धन्यवाद म्हणाले. डबा अजून खिडकीत आहे, झाकण उघडलेलं नाही. त्याच्याकडे मला बघवत नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दगडावरच्या पानातून ‘मागे’ काढूनच टाकलं. आता तीनच बटणं आहेत. तपासलं. खरंच तपासलं, वीस वेळा. एकविसाव्या वेळी ‘थांबा’ दाबलं आणि अता थांबले नाहीत.

हात छातीपाशी आले. पालथे.

ती ओळ मी लिहिलेली आहे. पालट परत होतो. अठ्ठेचाळीस चित्रं एकेक उघडून पाहिली. एकाही चित्रात छातीपाशी पालथे हात नाहीत. तरी पानावर ते होते, सकाळच्या लख्ख उजेडात, खाली यंत्र चालू असताना. आणि नजर. मी त्यांची नजर समोर काढली होती, बघणाऱ्याकडे. ते खाली बघत होते, बटणांच्या रांगेकडे. जिथे माझं बोट होतं तिथे.

कुलीपा एजेंना हाक मारली. त्या आल्या, चष्मा लावला, म्हणाल्या, की छान बसलेत की, काय झालं?

तेव्हा हात काठीच्या मुठीवर होते.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

पुन्हा तसंच. ओठही बघितले आज. चित्रणात ते दुवेचे शब्द आहेत, मला पाठ झाले आहेत. हे ते नाहीत. एक शब्द पुन्हा पुन्हा. आधी ओठ मिटतात, मग दोनदा गोल होतात —

बुरुल. माझं नाव बुरुल.

पान बंद केलं. संगणक बंद केला. बाइक्यांनी खालून विचारलं, की वर कोण कण्हतंय? त्यांना तर एका कानाने —

शनिवार, १ नोव्हेंबर

सात ओळींचा निरोप एल्नुराला लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला, ‘तांत्रिक अडचण’ असा शब्द घातला. पुसला. तांत्रिक नव्हतं ते. ओळ विसरणं ही चूक. ‘झालं’ म्हणणं ही चूक नव्हती, ते मी केलं. वहीत यांच्यासाठी दोन वेगळ्या रेघा हव्यात.

दुसरी रेघ मला ओढता येत नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

दुपारी कुलीपा एजेंच्या घरी जेवायला. त्यांच्या सासूबाई, नवरा, सापार बाइके, मी. जेवण झालं, चहा झाला, सासूबाईंनी दुवेसाठी हात उघडले. सगळ्यांनी उघडले.

माझे वळेनात.

मांडीवरून उचलले गेले, छातीपाशी आले, आणि पालथे. मी मनगट फिरवायचा प्रयत्न केला. खांद्यापासून फिरवायचा प्रयत्न केला. लाकडासारखे. सासूबाई बोलता बोलता थांबल्या. माझ्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांची नातवंडं शेजारी बसली होती, त्यांनी एका हाताने त्यांना आपल्या मागे ओढलं.

कुलीपा एजे हसायला गेल्या, म्हणाल्या, की पोरीला मुंग्या आल्या असतील, रात्रंदिवस तो माऊस धरून. कोणी हसलं नाही. सापार बाइके हसले नाहीत. त्यांनी आपलं मनगट चोळलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की त्यांना कळलंय हे मला कळलं.  मी सांगेन म्हणून वाट बघत होते.

मी हात टेबलाखाली घातले. म्हटलं, हो, मुंग्या. आणि उठून आले.

तिथे सांगितलं असतं तर — सगळी आपली माणसं —

सोमवार, ३ नोव्हेंबर

ठरवलं. शनिवारी, ८ नोव्हेंबरला, वर्षाच्या जेवणाला, सगळ्या गावासमोर सांगायचं. दोनशे माणसं येणार आहेत. दगडापाशी उभं राहून. एल्नुराचा फोन तिथेच, सगळ्यांदेखत, घेऊन ती प्रत काढायची.

वाचून पाहिलं. दुरुस्ती. शनिवार मी धाडसाने निवडलेला नाही. तो पाच दिवस लांब आहे म्हणून निवडला. आणि दोनशे माणसांत एकटीचा आवाज बुडून जाईल, आपा स्वयंपाकाकडे असतील, एल्नुराला कोणी बसवून ठेवलं असेल. समोर फक्त दगड असेल. दगडाला सांगणं सोपं.

लिहिताना उजवा हात टेबलावर पालथाच असतो, त्यामुळे त्रास होत नाही. पाणी ओंजळीत घेता येत नाही. चेहरा धुताना आज हाताच्या पाठी लावल्या.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आठ वाजता एल्नुराचा फोन. काल संध्याकाळपासून बाळ हललेलं नाही. शेजाऱ्याच्या गाडीतून काराकोलच्या हॉस्पिटलात येतायत, आपा बरोबर आहेत. घाबरली नव्हती फार. म्हणाली, की गाडीत बसले की आजोबांची दुवा घेते, मग बरं वाटेल.

मी म्हटलं, नको. दाबू नकोस.

ती म्हणाली, का?

मी — का ते —

मी म्हटलं, बॅटरी जाईल.

बॅटरी. हे मी म्हटलं. ती पोट धरून गाडीत चढत होती आणि मी म्हटलं, बॅटरी जाईल. ती म्हणाली, वेडी आहेस का गं, आणि ठेवला. परत लावला. उचलत नाही. परत. नेट नाही त्या घाटात. नेट नसलं तरी ते चालतं. मीच तसं —

खाली बाइके आहेत. त्यांना हाक मारली. आले, दारात उभे आहेत. त्यांना सांगितलं. सगळं. बटण, ‘झालं’, त्यांचा फोन, सगळं. तोंडाने. त्यांनी एकच विचारलं, की तिला सांगितलंस? मग म्हणाले, की मला सांगून काय उपयोग, पोरी, माझ्याकडे ती नुसती टेकली होती. दार उघडायचं ते एल्नुरासमोर. चल. गाडी काढतो.

गाडी सुरू होईपर्यंत लिहिते. लिहिलं नाही तर जिन्यात माझं पुन्हा काहीतरी ठरेल, शनिवार ठरेल. मनगट वळतंय. पेन धरलेला हात उलटा — बोटं वर — अक्षर —

शनिवारी नाही. त्यावर रेघ. आज. मंगळवार, ४ नोव्हेंबर, हॉस्पिटलच्या दारात, गाडीतून उतरतानाच, आपांसमोर, तिच्या डोळ्यांत बघून, हात पाठीमागे न लपवता, आज मी तिला —